नमुन्याची फरशी

“बापू, पुढचा दगड लावायचा नाही,” असं म्हणून मी मशीनचा खटका खाली पाडला.

मशीन घरघरत थांबलं. बापू पॅसेजच्या टोकाला उपड्या बादलीवर बसले होते, मांडीवर दगडांचा डबा घेऊन. दोनशेवीस नंबरचा दगड त्यांनी माझ्यासाठी पुसूनही ठेवला होता.

“का? मशीनला काय झालं?”

“मशीन ठणठणीत आहे. या पॅसेजला एकशेवीसवरच थांबायचं. वरून आत मुरणारं सीलर देऊ. चकाकीचा कोट इथं मारायचा नाही.”

मी देवळात चपला घालून शिरले असावे, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मोझॅकची फरशी नवी बसवली की खडबडीत आणि मुकी दिसते. त्यातल्या हिरव्या-काळ्या खड्यांचा रंग सिमेंटखाली दडलेला असतो. मग मशीनला दगड लावून, पाणी सोडत ती घासायची. साठ नंबरचा दगड उंचवटे खातो, एकशेवीसचा साठचे ओरखडे काढतो, पुढं दोनशेवीस, चारशे असं करत फरशी गुळगुळीत होत जाते. शेवटी डाग उतरवायला ऑक्झॅलिकची पावडर आणि त्यावर सीलर. सीलर दोन जातींचं. एक आत मुरतं. ते फरशीला डाग पिऊ देत नाही, खड्यांचा रंग उठवतं, पण पायाखाली फरशी होती तशीच राहते. दुसरं वर काचेसारखं बसतं आणि त्यात माणसाला आपलं तोंड दिसतं. माझे वडील, महिपती मिस्त्री, फरशीत तोंड दाखवण्याबद्दल तीन तालुक्यांत प्रसिद्ध होते.

या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीसची, दीड वर्ष नांदून माहेरी परतलेली. मशीनच्या थरथरीनं बापूंची बोटं बधिर झाली होती, चहाचा कपसुद्धा ते दोन्ही हातांनी धरायचे. म्हणून कामं त्यांच्या नावानं यायची आणि मशीन मी चालवायचे. बाई मशीन चालवते म्हणून लोक दारात येऊन उभे राहायचे. बघा म्हणावं, बघायला काय जातंय. माळवदे डॉक्टरांचा बाळंतपणाचा नवा दवाखाना हे आमचं तोवरचं सगळ्यात मोठं काम होतं. ते नीट उरकलं की मशीन माझ्या हवाली आणि दारावर पाटी माझ्या नावाची, असं बापूंनी कबूल केलं होतं. नाहीतर मशीन विकायचं आणि हिला पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात बांधायची, हेही मला ऐकू जाईल अशा बेतानं बोलून झालं होतं.

“डॉक्टरांनी आपल्या घरची फरशी बघून काम दिलंय,” बापू म्हणाले. “जशी घरात तशी इथं. मी शब्द दिलाय.”

“पुढच्या हॉलला दिलीय ना तशी. कोट मारलाय, तोंड दिसतंय. हा पॅसेज वेगळा आहे.”

“काय वेगळा? त्याच टाइल्स, तोच माल.”

“इथून बाळंतिणी चालणार, बापू. लेबर रूममधून वॉर्डात.”

“मग त्यांनी काय वाईट फरशीवर चालायचं?”

आता घरच्या फरशीचं सांगायला हवं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीची फरशी हा बापूंचा नमुना होता. गिऱ्हाईक कामाचं विचारायला आलं की ते त्याला घरी आणायचे, बल्ब लावायचे आणि म्हणायचे, “वाका जरा. आरसा नको, इथंच भांग पाडून घ्या.” गिऱ्हाईक वाकायचं, हसायचं आणि काम ठरायचं. तेवढ्यात आई चहा घेऊन यायची. डाव्या हातात ताटली, उजवा हात भिंतीला. तिचा एक पाय उणा होता. ती कधी खोलीच्या मधून चालायची नाही, भिंतीच्या कडेकडेनं यायची. भिंतीवर कमरेच्या जरा वर एक मळकट पट्टा होता, स्वयंपाकघराच्या दारापासून थेट उंबऱ्यापर्यंत. दर दिवाळीला बापू चुना मारायचे आणि संक्रांतीपर्यंत तो पट्टा पुन्हा उमटायचा. गिऱ्हाइकं फरशी बघायची. भिंतीकडे कुणाचं लक्ष जायचं नाही.

माळवदे डॉक्टरही असेच येऊन, वाकून, खूश होऊन गेले होते.

आमची हुज्जत चालू असताना ते आलेच. मागोमाग तुळसामावशी होती, दवाखान्यातली आया. जुन्या जागेत तिची पंधरा वर्षं गेली होती.

“काय मिस्त्री, मशीन बंद का? परवा उद्घाटन आहे.”

बापू उठून उभे राहिले. त्यांनी काही बोलायच्या आत मी मावशीला विचारलं, “मावशी, हा पॅसेज दिवसातून किती वेळा पुसणार?”

“सकाळ, दुपार, संध्याकाळ. आन् कुणाचं पाणी गेलं, रगत सांडलं, की तवाच्या तवा. बाळंतपणात काय वेळ बघून सांडतंय व्हय बाई?”

“म्हणजे ओलाच असणार.”

“वाळायला फुरसत कुठली त्येला.”

मी डॉक्टरांकडे वळले. “या फरशीवर कोट मारला आणि फिनेलचं पाणी पडलं, की पाय ठरत नाही. आत मुरणारं सीलर दिलं तर डाग धरणार नाही आणि पाय पण धरेल. फक्त तोंड दिसणार नाही.”

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. पण नवी इमारत बांधलेल्या माणसाला दुसरं काही दिसत नाही. “हे बघा,” ते म्हणाले, “आमदार येणार आहेत, पुण्याचे माझे मित्र येणार आहेत. सगळे हॉलमधून याच पॅसेजनं वॉर्ड बघायला जाणार. मला दारापासून शेवटपर्यंत एकसारखी चकाकी पाहिजे. फरशी आम्ही कोरडी ठेवू.”

“कोण ठेवणार?”

तुळसामावशीनं पदर तोंडाला लावला. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

“डॉक्टरसाहेब, पोरीचं मनावर घेऊ नका,” बापू घाईनं म्हणाले. “उद्या दुपारपर्यंत या फरशीत तोंड दिसेल. नाही दिसलं तर मला मिस्त्री म्हणून हाक मारू नका.”

डॉक्टर गेल्यावर बापू माझ्याकडे न बघता म्हणाले, “उद्या कोट पडला नाही तर परवा मशीन बाजारात. मग बस घरात, फरशीची काळजी करत.”

मला रडू यायला पाहिजे होतं, पण संताप आला. मी पॅसेजमधला सगळा चिखल धुऊन काढला, दोन मोठे पंखे आणून लावले आणि रात्रभर चालू ठेवायला मावशीला सांगितलं. पंखे कशाला, असं बापूंनी विचारलं नाही, कारण ते माझ्याशी बोलत नव्हते.

रात्री जेवण उरकलं. बापू हात धुऊन बाहेर जाऊन बसले. मी आणि आई मोरीपाशी भांडी घासायला बसलो.

“काय बिनसलंय?” आईनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. ती ताट घासत राहिली. मग म्हणाली, “त्या पॅसेजात धरायला काय आहे का? भिंत?”

“दोन्ही बाजूंना बाकं येणार, सिलिंडर येणार. भिंतीला हात पोचायचा नाही.”

आईचा हात ताटावर थांबला. “तुझं ते मुरणारं औषध. मुरायला किती वेळ लागतो त्याला?”

“दोन तास. पण एकदा मुरलं की वर कोट बसत नाही, आणि दोन दिवस त्यावर दगडही फिरवता येत नाही.”

“आणि उद्घाटन परवा.”

“परवा.”

तिनं ताट विसळून पालथं घातलं. “मग सहालाच जा तू. यांना मी घरात अडकवून ठेवते. माळ्यावरची तांब्याची भांडी कधीची उतरवायची आहेत.”

“तुला बोलतील ते.”

“बोलू देत. अकरा वर्षं मी गप आहे. एक दिवस त्यांनी बोलावं.”

सकाळी सहाला मी पॅसेजमध्ये गुडघे टेकले. फरशी खडखडीत वाळली होती. रुंद ब्रश सीलरमध्ये बुडवून मी भिंतीपासून दारापर्यंत एकेक पट्टा ओढत गेले. सीलर टाइलमध्ये शिरताच आतले हिरवे खडे ओले झाल्यासारखे जागे व्हायचे, काळे अधिक काळे, आणि मधला पिवळसर पट्टा हळदीसारखा उठून दिसायचा. इतकी देखणी फरशी मी तोवर केली नव्हती आणि तिला चकाकी नव्हती. दहा मिनिटांनी वर राहिलेलं सीलर सुक्या फडक्यानं टिपून घेतलं, थांबून दुसरा हात दिला, पुन्हा टिपलं. मावशी दारात बसून चहा पीत बघत होती.

“आता तुझा बाप सोडत न्हाई तुला,” ती म्हणाली.

“नको सोडू देत.”

साडेनऊच्या सुमाराला फरशीवर पाण्याचा थेंब टाकून बघितला. थेंब मण्यासारखा वर उभा राहिला, आत गेला नाही. मी फडकं पिळलं आणि वाट बघत बसले.

बापू आले तेव्हा त्यांच्या केसांत माळ्यावरची जळमटं तशीच होती. त्यांच्या मागं डॉक्टर. बापू पॅसेजच्या तोंडाशी उभे राहिले, वाकले, डोकं इकडून तिकडं करून बघितलं. तोंड कुठंच दिसेना.

“वैजे, काय केलंस हे?”

“सीलर दिलंय. दोन हात.”

“चकाकी कुठाय?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाहीये.”

“मग दगड फिरवा. आत्ताच्या आत्ता.”

“दोन दिवस फिरत नाही. फिरवला तर दगड चिकटून ओरखडे पडतील. मग आमदारांना ते दाखवा.”

बापूंचे ओठ पांढरे झाले. “आजपासून,” ते म्हणाले, “माझ्या मशीनला तू हात लावायचा नाहीस.”

हे येणार हे मला कालपासून माहीत होतं. मशीन गेलं म्हणजे माझं काय राहिलं होतं त्या गावात? पण आता मागं फिरायला जागा नव्हती आणि मला फिरायचंही नव्हतं. “बरं,” मी म्हणाले. “मशीन तुमचं. पण एवढं बघून घ्या.” मावशीची फिनेलच्या पाण्याची बादली मी उचलली. अर्धी पॅसेजमध्ये ओतली, अर्धी पुढच्या हॉलच्या त्या आरशासारख्या फरशीवर.

“डॉक्टर, या इकडून चाला. मग तिकडून चाला. नेहमीच्या चालीनं, भराभर.”

डॉक्टरांनी खाली आपल्या बुटांकडे बघितलं. चामड्याचा तळ, नवा जोड. “मी असले तमाशे करत नाही,” ते म्हणाले.

“मग बाळंतिणीला का करायला लावता?”

मावशी उठून उभी राहिली. तेवढ्यात हॉलच्या दाराशी आई दिसली, हातात आमचा जेवणाचा डबा. नवी फरशी म्हणून तिनं चपला बाहेर काढल्या होत्या. आमच्याकडे बघत, जरा हसत, तिनं अनवाणी पाऊल आत टाकायला उचललं.

“हौसा, थांब.” बापू ओरडले. “पाय टाकू नको, कोट आहे तिथं. घसरशील, हौसा.”

आई उंबऱ्यावर थांबली. तिचा एक हात चौकटीला होता. डॉक्टर बापूंकडे बघत राहिले, मीही बघत राहिले. त्यांना स्वतःला आपण काय बोललो ते उशिरा ऐकू आलं असावं.

अकरा वर्षांपूर्वी बापूंनी घरची फरशी पुरी केली, त्याच्या तिसऱ्या दिवशी आई भरलेली घागर घेऊन त्या खोलीत पडली होती. खुबा मोडला. तीन महिने अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा एक पाय दोन बोटं तोकडा झाला होता. बापूंनी दवाखान्यात सांगितलं, पाहुण्यांना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, की तिचं लक्ष नव्हतं. आईनंही तेच सांगितलं. फरशीचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. ती पडायच्या आधी ओल्या फडक्यानं ती खोली मीच पुसली होती, आणि कितीतरी वर्षं मला वाटायचं, की तिचा पाय माझ्यामुळं गेला. मशीन हातात धरून दगडांचे नंबर कळायला लागले तेव्हा मला कळलं, की फडक्यापेक्षा त्याखालचा गुळगुळीतपणा मोठा होता. कळलं, तरी मी गप राहिले. आमचं पोट त्या नमुन्यावर चालत होतं.

“आणि तिथं?” आईनं पॅसेजकडे बोट केलं. “तिथं पण पाणी दिसतंय की.”

बापूंनी खाली बघितलं. चप्पल काढून ओल्या टाइलवर अंगठा दाबला. पुढं रेटला, मागं ओढला. पुन्हा एकदा तसंच केलं, जास्त जोरानं.

“इथं ये,” ते म्हणाले. “इथं काही होत नाही.”

मग ते स्वतः हॉलमधून कडेकडेनं, भिंतीला हात लावत, तिच्यापर्यंत गेले. आपले बधिर हात पुढं केले. तिनं एका हातानं डबा आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. दोघं भिंतीला चिकटून, लहान मुलांसारखी एकेक पाऊल टाकत, हॉल ओलांडून आली. पॅसेज लागल्यावर आईनं त्यांचं मनगट सोडलं. ओल्या फरशीच्या बरोबर मधून, डबा हलवत, लंगडत, ती लेबर रूमच्या दारापर्यंत गेली. तिथं वळली आणि परत आली.

“वैजे,” ती म्हणाली, “भाकरी गरम आहे तोवर खाऊन घे.”

डॉक्टर खिशात हात घालून उभे होते. “हॉलमध्ये सगळीकडे जाजम टाकून घेऊ,” ते मावशीला म्हणाले. “पॅसेज राहू दे आहे तसा.” माझं त्यांनी कौतुक केलं नाही, आणि मी त्याची वाटही बघितली नाही. पण उद्घाटनाच्या दिवशी आमदारांबरोबरच्या कुणीतरी पॅसेज बघून विचारलं, की याचं पॉलिश राहिलंय का. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “नाही, आम्ही इथं तसाच करतो.” हे मी कोपऱ्यात उभी राहून कानानं ऐकलं.

घरी बापू आठवडाभर कमी बोलले. मशीन विकायचं कुणी काढलं नाही, माझ्या हवाली करायचंही कुणी काढलं नाही. ते अंगणात ताडपत्रीखाली तसंच पडून होतं.

मग एका रविवारी मी बाजारातून परत येते तर आमच्याच घरातून मशीनचा आवाज. कपाट, खाट, धान्याची पिंपं, सगळं अंगणात. आई पायरीवर पाय वर घेऊन, नाकाला पदर लावून बसलेली. आत बापू, धोतर खोचून, दोन्ही हातांनी मशीन कवटाळून. बोटांत ताकद नव्हती म्हणून दांडा त्यांनी पोटाशी धरला होता. मशीनला एकशेवीसचा दगड होता आणि त्यांची ती अकरा वर्षांची चकाकी पांढऱ्या चिखलात उतरत चालली होती.

“बापू, काय चाललंय?”

“दगड झिजलाय का बघतोय.”

“सगळ्या खोलीभर?”

“एका कोपऱ्यात कळत नाही.”

“आणा इकडं, मी करते.”

“नको,” ते म्हणाले. “ही मी केलेली आहे. मलाच काढू दे.”

मी पाण्याचा पाइप धरला. ते घासत गेले आणि मी पाणी सोडत गेले. संध्याकाळी हात धुताना ते म्हणाले, की उद्यापासून दगड जपून वापर, महाग झालेत. मशीन माझं झालं ते असं, एवढ्याच शब्दांत.

पुढंही ते गिऱ्हाइकाला घरी आणायचे. वाकायला सांगायचे नाहीत. तांब्याभर पाणी फरशीवर ओतायचे आणि म्हणायचे, “चाला.” काही जण तोंड दिसत नाही म्हणून निघून गेले. त्यांना मी अडवलं नाही. जे राहिले त्यांच्यावर आमचं बरं चाललं.

त्या दिवाळीला बापूंनी नेहमीसारखा भिंतीला चुना मारला. संक्रांत झाली, होळी झाली. कुणी नाही असं बघून ते अधूनमधून भिंतीजवळ जायचे, चष्मा कपाळावर चढवून कमरेच्या उंचीला निरखून बघायचे. पट्टा पुन्हा उमटला नाही.